विश्रामबाग : वाड्याची शाळा होते तेव्हा

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने ‘शाळेविषयीच लिहा’ अशी अट घातली नव्हती. गुरुजनांच्या आठवणी माझ्यापेक्षा चांगल्या लिहिणारे आपल्यात पुष्कळ आहेत. मी एका इमारतीविषयी लिहितो. बाजीराव रस्त्यावरून सायकल हाणत शाळा गाठताना आपण सगळे तिच्यावरून गेलो आहोत. ती इमारत म्हणजे विश्रामबागवाडा.

दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हा वाडा बांधला. काम सहा वर्षे चालले आणि सुमारे दोन लाख रुपये खर्च झाला. शनिवारवाड्याला तट-बुरूज आहेत. विश्रामबागेला तसे काही नाही, कारण हे राहण्याचे, आरामाचे घर. रस्त्याच्या अंगाला सागवानी लाकडाचा दर्शनी भाग, सुरूच्या झाडासारखे निमुळते होत गेलेले खांब, त्यांवर केळफुलाची नक्षी आणि वर पुढे आलेली मेघडंबरी. आत एकामागे एक तीन चौक आणि माडीवर दिवाणखाना.

पेशवाई १८१८ मध्ये संपली आणि तीनच वर्षांनी, ६ ऑक्टोबर १८२१ रोजी, या वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पेशवे श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. त्या दक्षिणेच्या पैशातला काही भाग इंग्रज सरकारने पाठशाळेकडे वळवला. न्याय, व्याकरण, धर्मशास्त्र, वैद्यक, ज्योतिष असे विषय तिथे शिकवले जात.

मला नेहमी वाटते, की वाड्याची शाळा होणे हे वाड्याच्या बांधणीतच असते. मधला चौक उघडा, त्यामुळे उजेड आणि वारा आतून येतो. चारी बाजूंनी ओसरी, तिच्यावर खांबांच्या रांगा. दोन खांबांमधले खण म्हणजे आयतेच वर्ग. सतरंजी अंथरली, गुरुजी खांबाला टेकून बसले, की पाठ सुरू. भिंत बांधावी लागत नाही की खिडकी पाडावी लागत नाही. गैरसोय एकच. एका खणातले पाठांतर शेजारच्या खणात ऐकू जाते. पुण्यातल्या कितीतरी शाळांनी वाड्यांतच बाळसे धरले. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूलही मोरोबादादांच्या वाड्यातच सुरू झाले.

पण उजेड सगळ्यांसाठी नव्हता. पाठशाळेत प्रवेश फक्त ब्राह्मण मुलांना होता. पुढे इंग्रजी आली. १८५१ मध्ये पाठशाळा आणि सरकारी इंग्रजी शाळा एकत्र होऊन पुणे कॉलेज झाले. मोल्सवर्थच्या कोशाच्या कामात ज्यांचा मोठा वाटा होता, ते मेजर कँडी त्याचे प्रमुख होते. पुढच्याच वर्षी, १६ नोव्हेंबर १८५२ रोजी, याच वाड्यात त्यांच्या हस्ते सरकारतर्फे जोतीराव फुले यांचा सत्कार झाला. मुलींसाठी आणि अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्याबद्दल माळी समाजातल्या एका तरुण शिक्षकाच्या अंगावर शाल घातली गेली. मला विश्रामबागेच्या इतिहासातला हा दिवस सर्वांत मोठा वाटतो.

कॉलेज १८६८ मध्ये येरवड्याच्या नव्या दगडी इमारतीत गेले. तेच आपले डेक्कन कॉलेज. १८७९ मध्ये वाड्याला आग लावण्यात आली. त्याच आगीत बुधवारवाडा पार गेला. विश्रामबागेचाही काही भाग जळाला, पण तो लोकवर्गणीतून आणि नगरपालिकेच्या मदतीने पुन्हा उभा राहिला. विसाव्या शतकात अनेक वर्षे नगरपालिकेच्या आणि नंतर महापालिकेच्या कचेऱ्या इथे होत्या. टपाल कचेरीही तळमजल्यावर आली. कचेऱ्यांनी वाड्याचे रूप थोडेफार बिघडवले हे खरे, पण रोजच्या वापरामुळेच कोणी ना कोणी गळके कौल बदलत राहिले, हेही तितकेच खरे.

इथून थोड्याच अंतरावर बुधवार पेठेत भिडेवाडा होता. फुल्यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली ती तिथे. ना मेघडंबरी, ना कोरीव खांब, साधे घर. ते मोडकळीला येत गेले आणि डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय स्मारकासाठी पाडले गेले. सत्कार झाला तो वाडा आपण राखला, ज्यासाठी सत्कार झाला तो वाडा मात्र राखला नाही. नक्षी असली तरच वास्तू जपायची, या सवयीची ही किंमत आहे.

म्हणून मित्रमैत्रिणींनो, एक विनंती. आपल्या जुन्या शाळेच्या इमारतीला कोरीव खांब नव्हते. तरीही घरात तिचे फोटो असतील, कोणाला वर्गांची मांडणी आठवत असेल, तर ते कागदावर उतरवून शाळेच्या ग्रंथालयात द्या. वास्तूची नोंद ती उभी असतानाच करून ठेवायची असते.