पुळणीवरील वाहनचालन

पुळणीवरील वाहनचालन म्हणजे समुद्रकाठच्या मऊ वाळूतून मोटार न रुतता नेण्याचे तंत्र होय. किनाऱ्यावरील वाळूच्या पट्ट्यास कोकणात पुळण म्हणतात. या तंत्रात इंजिनाच्या ताकदीपेक्षा टायरमधील हवेचा दाब आणि भरती-ओहोटीची वेळ या दोन गोष्टी अधिक निर्णायक ठरतात. रुतलेली मोटार ही एरवी केवळ गैरसोय असते. पुळणीवर मात्र चढत्या भरतीमुळे ती काही तासांतच पाण्याखाली जाऊ शकते.

वाळूचे स्वरूप

कोरड्या वाळूच्या कणांना बांधून ठेवणारे काही नसते. आपसांतील घर्षण एवढाच त्यांचा आधार. चाकाचा भार पडताच कण बाजूला सरकतात, चाक खाली जाते आणि त्याच्यापुढे वाळूचा लहानसा बांध उभा राहतो. सपाट दिसणाऱ्या पुळणीवरही चाक अशा रीतीने सतत चढण चढत असते. ओलसर वाळूत कणांच्या मध्ये पाण्याचे सूक्ष्म सेतू तयार होतात व पृष्ठताणामुळे कण एकत्र धरले जातात. मुलांचे वाळूचे किल्ले याच कारणाने उभे राहतात. पाणी फार झाले की हे सेतू नाहीसे होतात. त्यामुळे भरतीरेषेवरची कोरडी सैल वाळू आणि लाटांलगतची पूर्ण भिजलेली वाळू या दोहोंच्या मधला ओलसर पट्टाच वाहनास योग्य असतो.

घट्ट ओल्या वाळूवर पाऊल ठेवले असता भोवतीची वाळू क्षणभर कोरडी, पांढुरकी दिसते. दाबामुळे कणांची रचना बदलून मधल्या पोकळ्या वाढतात आणि वरचे पाणी आत ओढले जाते. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८५ मध्ये या घटनेचे विवेचन केले. असे वलय उमटणारी वाळू सहसा भार पेलते. पावलाखाली पाणी वर येऊन वाळू डबडबत असेल, तर तेथे चाक नेऊ नये. ओहोळ व खाडीची मुखे या दृष्टीने विशेष फसवी असतात. मोटार नेण्यापूर्वी उतरून चालून पाहणे ही परीक्षा साधी आहे, परंतु बहुतेक जण तीच टाळतात.

टायरमधील हवा

डांबरी रस्त्यावर मोटारीच्या टायरमध्ये साधारणपणे ३० ते ३५ पौंड हवा ठेवतात. वाळूसाठी ती १६ ते २० पौंडांपर्यंत उतरवतात. यामागील हिशेब सोपा आहे. १,५०० किलो वजनाच्या मोटारीत प्रत्येक चाकावर सुमारे ३७५ किलो भार येतो. ३२ पौंड दाब म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलो. तेव्हा हा भार पेलण्यास टायरचा सुमारे १६७ चौरस सेंटिमीटर भाग वाळूवर टेकतो. दाब निम्मा केल्यास टेकणारा भाग जवळजवळ दुप्पट होतो. टायरच्या भिंतीही थोडा भार उचलत असल्याने हे आकडे स्थूल आहेत. टायर रुंदीपेक्षा लांबीत अधिक पसरतो, हे लक्षात घेण्याजोगे. हवा फार कमी केल्यास तीव्र वळणावर टायर रिमवरून निसटतो. डांबरी रस्त्यावर परतताच हवा पुन्हा भरावी लागते, कारण मऊ टायर वेगात तापून फुटू शकतो.

भरती-ओहोटी

एका भरतीपासून दुसरीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात. मुंबई व कोकणच्या किनाऱ्यावर तिथीवरून भरतीची वेळ काढण्याचा एक पारंपरिक ठोकताळा आहे: तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. चतुर्थीस ३ वाजता, अष्टमीस ६ वाजता पूर्ण भरती येते. ओहोटी त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी. हा ठोकताळा अंदाजापुरता असून प्रत्यक्ष प्रवासासाठी छापील भरती-ओहोटीचे कोष्टकच पाहावे. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते आणि पाणी नेहमीपेक्षा वर चढते. पुळणीवर उतरण्यास ओहोटीच्या अलीकडचा काळ सर्वांत सुरक्षित असतो. त्यामुळे काही बिघडले तरी हाती वेळ राहतो.

चालवण्याची रीत

वाळूत शिरण्यापूर्वीच योग्य गिअर टाकून गती एकसारखी ठेवावी लागते. मध्येच गिअर बदलल्यास गती तुटते. जोराने ब्रेक दाबल्यास चाकांपुढे वाळूचा ढीग साचतो. म्हणून ॲक्सिलरेटर सोडून मोटार आपोआप थांबू देतात आणि शक्यतो उताराकडे तोंड करून उभी करतात. वळण मोठे घ्यावे. चारही चाकांना शक्ती देणारे वाहन अधिक उपयोगी पडते, पण टायर घट्ट भरलेले असतील तर तेही रुतते. पर्यटकांच्या बहुतेक लहान मोटारींत शक्ती केवळ पुढच्या चाकांना मिळते; ती चाके जागीच फिरू लागली की बंपर वाळूला टेकेपर्यंत स्वतःचाच खड्डा खणतात.

वाहन रुतल्यास

चाक जागच्या जागी फिरू लागताच ॲक्सिलरेटर सोडणे हा पहिला नियम. त्यानंतर हवा आणखी थोडी कमी करून चाकांपुढची व गाडीच्या पोटाखालची वाळू उपसावी आणि शक्यतो आलेल्या चाकोरीतूनच मागे यावे. चाकांखाली फळ्या किंवा चटया घालतात. जॅक वाळूत घुसू नये म्हणून त्याखाली रुंद फळी लागते. कोकणात अशा वेळी बहुधा गावातील ट्रॅक्टर बोलवावा लागतो. ओढण्याचा दोर ट्रेलरच्या गोळ्यास कधीही अडकवू नये. ताणाखाली तो गोळा तुटून तोफगोळ्यासारखा उडतो. ऑस्ट्रेलियात यामुळे माणसे दगावली आहेत. दोर ताणलेला असताना जवळ कोणी उभे राहू नये.

इतिहास

या तंत्राचा मोठा भाग समुद्राकाठी नव्हे, तर वाळवंटात घडला. ब्रिटिश सेनाधिकारी राल्फ बॅग्नोल्ड यांनी १९२० व १९३० च्या दशकांत लिबियाच्या वाळवंटात मोटारी नेताना टायरची हवा कमी करणे आणि चाकांखाली पोलादी पन्हळी घालणे या युक्त्या रूढ केल्या. वाऱ्याने वाहणाऱ्या वाळूच्या भौतिकीवरील त्यांचा ग्रंथ १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. घट्ट वाळूच्या किनाऱ्यांचा उपयोग वेगाच्या विक्रमांसाठीही झाला; माल्कम कॅम्पबेल यांनी १९३५ मध्ये अमेरिकेतील डेटोना बीचवर ताशी सुमारे ४४५ किमी वेग गाठला.

परवानगी व निर्बंध

ऑस्ट्रेलियातील गारी (पूर्वीचे फ्रेझर) बेटाचा पूर्व किनारा अधिकृत रस्ता मानला जातो. तेथे परवाना लागतो, कमाल वेगमर्यादा ताशी ८० किमी आहे आणि भरतीच्या आधीचे व नंतरचे दोन तास टाळण्याची सूचना असते. केरळात कण्णूर जिल्ह्यातील मुळप्पिलंगाड येथे सुमारे ४ किमी घट्ट वाळूवर मोटारी नेता येतात. गोव्यात किनाऱ्यावर खासगी वाहन चालवण्यास बंदी आहे. महाराष्ट्रातही पुळणीवर बेदरकारपणे मोटारी पळवणाऱ्यांवर पोलिसांनी गुन्हे नोंदवले आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास, आंजर्ले आदी किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे हिवाळ्यात अंडी घालतात. चाकांखाली वाळू दबून घरटी नष्ट होतात, आणि नुकती बाहेर पडलेली पिल्ले खोल चाकोरीत अडकून समुद्रापर्यंत पोहोचू शकत नाहीत.