तत्र, तदेव, इव : विभूतिपादाच्या पहिल्या आठ सूत्रांवर भाष्य

पतंजलींच्या १९५ योगसूत्रांपैकी धारणा, ध्यान आणि समाधी यांची लक्षणे तिसऱ्या पादाच्या, म्हणजे विभूतिपादाच्या, आरंभी फक्त तीन सूत्रांत आटोपतात. ती वाचताना आपले लक्ष मोठ्या शब्दांकडे जाते. मला मात्र या भागाचा सगळा अर्थ त्यातल्या सर्वनामांत आणि अव्ययांत दडलेला दिसतो. दुसऱ्या सूत्रापासून आठव्यापर्यंत एकही सूत्र स्वतःच्या पायावर उभे नाही. प्रत्येकात ‘तत्’चे एखादे रूप तरी आहे, नाहीतर ‘त्रय’ हा मागचे मोजून घेणारा शब्द तरी. असे का, हे पाहण्यासाठी व्यासभाष्य आणि वाचस्पतिमिश्रांची ‘तत्त्ववैशारदी’ शेजारी ठेवून ही सूत्रे क्रमाने वाचू. पुण्याच्या आनंदाश्रमाने १९०४ साली काशीनाथशास्त्री आगाशे यांच्या संपादनाखाली काढलेल्या प्रतीत हे दोन्ही ग्रंथ एकत्र मिळतात.

३.१ — धारणा. आजच्या मराठीत ‘माझी अशी धारणा आहे’ म्हणजे माझे मत आहे. तो अर्थ इथे पूर्ण बाजूला ठेवावा लागतो. इथला कळीचा शब्द ‘देशबंध’. देश म्हणजे जागा, आणि बांधायचे आहे ते चित्त. इंद्रिये नव्हेत, त्यांची व्यवस्था प्रत्याहार या आधीच्या अंगात लागलेली आहे. भाष्यकार जागाही सांगतात: नाभिचक्र, हृदयकमल, मस्तकातली ज्योती, नाकाचा शेंडा, जिभेचे टोक किंवा बाहेरचा एखादा विषय. बाहेरच्या विषयाशी हा बंध केवळ वृत्तीच्या द्वारे होतो, अशी पुस्तीही ते जोडतात. तेव्हा समईच्या ज्योतीवर डोळे रोखून बसणे म्हणजे धारणा नव्हे. ते त्राटक, हठयोगातल्या षट्कर्मांपैकी एक. त्याचा उपयोग असेल, पण तिथे बांधलेले असतात ते डोळे.

‘बंध’ या शब्दातून स्थिरता लगेच हाती येत नाही. वासराला दावे लावून खुंट्याला बांधले तरी ते उभे राहतेच असे नाही. ते हिसके देते, दाव्याच्या लांबीएवढे फिरते, पुन्हा खुंट्यापाशी येते. धारणेतले चित्त असेच असते. सूत्रकारांनी ते बांधायला सांगितले, निश्चल करायला सांगितलेले नाही. पहिल्याच दिवशी मन भटकले म्हणून नाउमेद होणाऱ्या साधकाला ही तफावत कोणी तरी आवर्जून सांगायला हवी. भटकणे आणि परत येणे हे दोन्ही धारणेतच बसते.

३.२ — ध्यान. आरंभीचे ‘तत्र’ म्हणजे ‘तिथे’, त्याच जागी. नवा देश नाही, नवा विषय नाही. बदलते ते एवढेच की प्रत्यय, म्हणजे चित्तात उमटणारे ज्ञान, आता एकतान होते. या शब्दात ‘तन्’ धातू आहे, ताणणे, पसरणे. गाण्यातली तान त्याच धातूची. तानेत सूर अनेक असतात, पण त्यांच्यामधून दुसरे काही शिरत नाही. व्यासही हेच सांगतात: ध्येयाला धरून असलेला सारख्या प्रत्ययांचा प्रवाह, ज्याला दुसरा प्रत्यय शिवत नाही.

इथे ‘प्रवाह’ महत्त्वाचा. एकच एक प्रत्यय तासभर टिकून राहतो, असा दावा योगदर्शन करत नाही. याच पादातल्या बाराव्या सूत्रात एकाग्रतेचे स्वरूप सांगताना मावळलेला आणि उगवलेला असे दोन प्रत्यय मानले आहेत आणि ते तुल्य असतात असे म्हटले आहे. मग क्षणोक्षणी बदलणाऱ्या या मालिकेला एकाग्र म्हणायचे कशाच्या आधारावर? हा प्रश्न व्यासांनी १.३२वरील भाष्यात क्षणिकवादी बौद्धांपुढे टाकला आहे. चित्त जर क्षणापुरतेच आणि एकेका विषयापुरतेच असेल, तर प्रत्येक चित्त आपापल्या विषयावर एकाग्रच ठरेल, विक्षिप्त चित्त उरणारच नाही, आणि एकाग्रतेचा उपदेशही व्यर्थ होईल. विखुरणारे आणि गोळा होणारे चित्त एकच असेल, तरच ध्यान शिकवता येते. हा युक्तिवाद मला संपूर्ण भाष्यातल्या अत्यंत देखण्या स्थळांपैकी एक वाटतो.

ध्यानाला तेलाच्या धारेची उपमा रामानुजांनी दिली. पण त्यांच्या दृष्टीने ती धार स्मृतीची आहे. मराठीत ‘ध्यानात ठेव’ म्हणताना आपणही त्याच अर्थाच्या जवळ असतो. पतंजलींनी स्मृती हा शब्द इथे घेतला नाही. त्यांच्या मांडणीत स्मृती ही पाच वृत्तींपैकी एक आहे (१.६), आणि पुढे समाधीत तिचेही शोधन व्हायचे आहे.

३.३ — समाधी. इथे थांबावे लागते. ‘तदेव’ म्हणजे तेच ध्यान. ‘एव’कार इतका ठाम आहे की ध्यानानंतर समाधी नावाची वेगळी क्रिया सुरू होते, ही कल्पनाच टिकत नाही. धारणा, ध्यान, समाधी यांना आपण सहज पायऱ्या म्हणतो. पण पुढची पायरी चढताना मागची सोडावी लागते. इथे मागचे काहीच सुटत नाही. जे चालू होते तेच दाट होत जाते.

दाट होण्याची खूण कोणती? त्या ध्यानात फक्त अर्थ, म्हणजे ध्येय वस्तू, प्रकाशते आणि ध्यान स्वतःच्या रूपाने जणू रिकामे होते. ‘मी ध्यान करतो आहे’ ही जाणीव ध्यानाचे स्वरूप होती. ती विरते. परंतु सूत्रकारांनी ‘शून्य’ म्हटले नाही, ‘इव’ जोडला. हा ‘इव’ काढून टाकला तर सूत्र कोसळेल. ज्ञान खरोखरच शून्य झाले तर वस्तू कोणत्या उजेडात दिसणार? समाधी आणि गाढ झोप यांत फरक तो काय राहणार? योगदर्शनात निद्रासुद्धा एक वृत्तीच आहे, अभावाच्या प्रत्ययावर टेकलेली (१.१०). समाधीला टेकू आहे तो भावाचा, समोरच्या अर्थाचा. ज्ञान तिथे असते, फक्त स्वतःकडे वळून पाहत नाही.

ही शब्दयोजना वाचकाला याआधी भेटलेली असते. समाधिपादातल्या ४३व्या सूत्रात (१.४३) निर्वितर्क समापत्तीचे वर्णन जवळजवळ याच पदांनी केले आहे. समापत्ती स्त्रीलिंगी, म्हणून पदे तिथे स्त्रीलिंगी झाली, एवढेच. मात्र तिथे एक अट जास्त आहे, स्मृतीच्या शुद्धीची. त्याच्या आधीच्या सूत्रावर व्यासांनी गाईचे उदाहरण घेतले आहे. ‘गाय’ हा शब्द, गाय हा प्राणी आणि गाईचे ज्ञान या तीन वेगळ्या गोष्टी. व्यवहारात त्या एकमेकींत मिसळून जातात. गोठ्यातली गाय बघताना आपण बरेचदा शब्द आणि आठवणीच बघत असतो. ती सरमिसळ गळाली की उरतो तो निव्वळ अर्थ. तिसऱ्या सूत्रातल्या ‘मात्र’ या पदाचे वजन १.४३ शेजारी ठेवल्यावरच कळते.

मराठीने इथे एक सूक्ष्म भेद जपला आहे. ध्यान आपण ‘लावतो’ आणि ते ‘लागते’ही. समाधी मात्र बहुधा ‘लागते’. कर्त्याचा हात कुठवर पोचतो, हे आपल्या क्रियापदाने नेमके टिपले आहे.

३.४, ३.५ — संयम आणि प्रज्ञा. एकाच विषयावरच्या या त्रयीला ‘संयम’ म्हटले आहे. हा पारिभाषिक शब्द आहे, भाष्यातही तसेच सांगितले आहे. रागावर संयम ठेवण्याशी त्याचा संबंध नाही. तिघांना एक नाव मिळाले, कारण ती एकच गोष्ट होती. तिच्यावर प्रभुत्व आले की प्रज्ञेचा उजेड पडतो, एवढे पाचवे सूत्र म्हणते. व्यास त्यावर इतकेच सांगतात की संयम जसजसा स्थिर होतो, तसतशी प्रज्ञा स्वच्छ होत जाते.

३.६ — भूमी. त्या संयमाची योजना भूमींवर करायची. इथे मात्र क्रम आहे, पण तो विषयांचा, स्थूलाकडून सूक्ष्माकडे. खालची भूमी जिंकल्याशिवाय मधली ओलांडून वरची गाठता येत नाही, हे व्यास स्पष्ट करतात. अपवाद एकच: ईश्वराच्या कृपेने वरची भूमी हाती आली असेल तर खालच्या भूमीसाठी खटपट करू नये. आणि या भूमीनंतर कोणती, हे कोणी सांगायचे? व्यासांच्या मते योग हाच इथला उपाध्याय.

कूर्मपुराणाने धारणा, ध्यान आणि समाधी यांसाठी वेळेचे माप दिले आहे. बारा प्राणायामांची एक धारणा, बारा धारणांचे एक ध्यान, बारा ध्यानांची एक समाधी. म्हणजे एका समाधीला १,७२८ प्राणायामांचा काळ. हे माप साधकाला धीर देणारे असेल, पण मला ते सूत्रांच्या वृत्तीशी जुळणारे वाटत नाही. पतंजलींनी काळाचा उल्लेखच केलेला नाही. वासरू खुंट्यापाशी किती घटका राहिले, हे ते विचारत नाहीत.

३.७, ३.८ — आतले आणि बाहेरचे. आठ अंगांची यादी साधनपादात (२.२९), मग शेवटची तीन इकडे का आली, याचा उलगडा आता होतो. पहिल्या पाचांच्या तुलनेत ही तीन अंतरंग आहेत, म्हणजे आलंबन असलेल्या, संप्रज्ञात योगाच्या अधिक जवळची.

पण लगेच आठव्या सूत्रात ‘तदपि’ येते. तेसुद्धा, हे अंतरंगसुद्धा, निर्बीज समाधीच्या दृष्टीने बहिरंगच. तिसऱ्या सूत्रात समाधी मिळाली म्हणून ग्रंथ संपला असे समजणाऱ्या वाचकाला इथे खडबडून जागे व्हावे लागते. तिथली समाधी योगाचे एक अंग होती. तिला ध्येयाचा आधार होता, आणि आधार आहे तोवर बीज आहे. निर्बीज समाधी लागते ती या त्रयीचाही अभाव झाल्यावर, असे व्यास सांगतात. पहिल्या सूत्रात चित्त ज्या दाव्याने बांधले, ते दावे इथे सुटते, आणि ते सुटताना चित्तात काय उरते हे सांगण्यासाठी नववे सूत्र निरोधाच्या संस्कारांकडे वळते.