एकच पावडर, दोन देश

मंडळी, सुट्टीत देशात जायचे ठरले की आपण बॅगांच्या वजनाची चिंता करतो, मलेरियाची नाही. "आमचा जन्मच तिथला, आम्हाला काय होणार?" असे आम्हीही म्हणत असू. म्हणून हा थोडा इतिहास.

मलेरिया एके काळी अमेरिकेतही होता. १९४६ साली सी.डी.सी. ही संस्था अटलांटात निघाली, कारण दक्षिणेकडच्या राज्यांत हा रोग होता. तिचे हत्यार होते डी.डी.टी. हे रसायन १८७४ सालीच तयार झाले होते; त्याने कीटक मरतात हे मात्र स्वित्झर्लंडच्या पाउल म्युलर यांनी १९३९ साली दाखवले आणि १९४८ चे नोबेल मिळवले. भिंतीवर फवारलेले डी.डी.टी. महिनोन्‌महिने टिकते, रक्त पिऊन भिंतीवर विसावलेली डासाची मादी मरते. १९४७ साली तेरा राज्यांत घरोघर फवारणी सुरू झाली आणि १९५१ पर्यंत इथला मलेरिया संपला. पण पाण्याचा निचरा, खिडक्यांच्या जाळ्या आणि सुधारलेली राहणी यांनी तो आधीच पुष्कळ कमी झाला होता.

भारतात स्वातंत्र्याच्या सुमारास वर्षाला ७.५ कोटी लोकांना मलेरिया होई आणि ८ लाख दगावत, असा अंदाज होता. १९५३ साली तीच पावडर घेऊन तिथेही देशव्यापी मोहीम सुरू झाली. १९६५ पर्यंत रुग्ण १ लाखाच्या आसपास उतरले. मग ढिलाई झाली. पुरवठा वेळेवर होईना, डासही डी.डी.टी.ला सरावले. शहरांतल्या विहिरी आणि गच्चीवरच्या टाक्यांकडे दुर्लक्ष झाले. १९७६ साली रुग्णांचा आकडा ६४ लाखांवर गेला.

आम्ही रसायनशास्त्राचे, डी.डी.टी.चे कौतुक आम्हाला असणारच. पण हा इतिहास सांगतो की रसायनाने निम्मे काम होते. उरलेले निम्मे झाकण, जाळी आणि चिकाटी यांचे.

आपल्यापुरता धडा सरळ आहे. लहानपणी अंगात थोडीफार प्रतिकारशक्ती आली असलीच, तरी इतकी वर्षे इथे राहिल्यावर ती टिकत नाही. इथे जन्मलेल्या मुलांना तर ती मुळीच नाही. तेव्हा निघण्यापूर्वी डॉक्टरांना गोळ्यांविषयी जरूर विचारा. परत आल्यावर ताप आला, तर कुठे जाऊन आलात ते आधी सांगा. आणि घरी पोचलात की एकदा गच्चीवर जाऊन टाकीचे झाकण नीट बसले आहे का, तेवढे पाहा.