रामकुंडावरचं सबनेटिंग

मागच्या रविवारी भाच्याचा फोन आला. पठ्ठ्या सीसीएनएची तयारी करतोय. "मामा, बाकी सगळं जमतंय, पण सबनेटिंग काही केल्या डोक्यात बसत नाही. तक्ता पाठ करून टाकू का?"

मी म्हटलं, "कर की. मीही केला होता. आणि नापास झालो होतो."

पलीकडे एकदम शांतता. ही गोष्ट घरात कोणी त्याला सांगितली नव्हती बहुतेक. आज इथेच लिहून टाकतो, म्हणजे त्याच्या आईलाही वाचता येईल.

साल २००५. पंचवटीत निमाणीच्या मागे आमच्या दोन खोल्या. हातात डिग्री, नोकरीचा पत्ता नाही. ज्याला विचारावं तो म्हणे, "सीसीएनए कर, लगेच चिकटशील." सिस्को कंपनीची ही नेटवर्किंगमधली पहिल्या पायरीची परीक्षा. सुरू झाली १९९८ मध्ये. त्यांची सीसीआयई १९९३ पासून होती, पण ती म्हणजे एकदम कळसूबाई. पायथ्याशी दार उघडलं ते सीसीएनएने, आणि आमच्यासारख्यांची तिथे ही गर्दी उसळली.

माझ्या वेळचा पेपर ६४०-८०१. क्लासमध्ये २५०० सिरीजचे दोन म्हातारे राउटर आणि वीस मुलं. त्यात लोडशेडिंग. हाताला राउटर लागायचा आठवड्यातून दहा मिनिटं. मग टॉड लॅमलचं जाडजूड पुस्तक, आणि त्याहून जास्त भरवसा 'डंप'वर. डंप म्हणजे आधी परीक्षा देऊन आलेल्यांनी आठवून लिहिलेल्या प्रश्नांची चोरटी झेरॉक्स. मी ती अथर्वशीर्षासारखी घोकली. २५५.२५५.२५५.१९२ म्हटलं की ६२, २२४ म्हटलं की ३०. का? ते विचारायचं नाही.

परीक्षा पुण्याला जाऊन दिली. पास व्हायला १००० पैकी ८४९ लागायचे. मला पडले ७९२. प्रश्न ओळखीचे होते, फक्त आकडे बदलले होते! परतीच्या एसटीत संगमनेरला सगळे चहाला उतरले, मी बसून राहिलो. फीचे पैसे बाबांनी सोसायटीतून उचलले होते.

पुढच्याच महिन्यात आण्णा, म्हणजे माझे आजोबा, गेले. अस्थी घेऊन आम्ही रामकुंडावर गेलो. जन्म पंचवटीत गेला, पण तिथल्या गुरुजींकडच्या नामावळीच्या वह्या मी तोवर उघडलेल्या पाहिल्या नव्हत्या. पहिल्या गुरुजींनी बाबांना दोनच गोष्टी विचारल्या. आडनाव काय आणि मूळ गाव कोणतं? आमचं गाव सिन्नरकडचं. ते म्हणाले, "सिन्नरकडचं म्हणजे आमच्याकडे नाही, तिकडे जा," आणि एका घराकडे बोट दाखवलं. तिथल्या गुरुजींनी आडनावाची वही काढली, त्यात गाव शोधलं, गावात आमचं घर. आधीची पानं मोडीत, नंतरची बाळबोधीत. पाच मिनिटांत आण्णांच्या वडलांची सही समोर! स्वतःच्या हातची, थोडी थरथरती.

बाबा डोळे पुसत होते आणि माझ्या डोक्यात (लाज वाटते सांगायला) राउटिंग टेबल फिरत होतं.

कारण पहिल्या गुरुजींना आमचं घर माहीत नव्हतं, आणि माहीत असायची गरजही नव्हती. 'त्या बाजूची गावं त्या वाड्यात' एवढी एक ओळ त्यांना पुरली. आतली वाटणी ज्याची त्याने पाहायची. पुस्तकात याला रूट समरायझेशन म्हणतात. आणि आडनाव तेच पण गाव वेगळं असेल तर वही वेगळी. जास्त नेमकी खूण जुळेल तिकडे जायचं. राउटरही हेच करतो, त्याचं नाव लाँगेस्ट प्रीफिक्स मॅच. मास्क म्हणजे दुसरं काय हो? पत्त्याचा गावापर्यंतचा भाग कुठे संपतो आणि घराचा कुठे सुरू होतो, एवढं सांगणारी रेघ.

घरी आल्यावर पहिल्यांदाच मी 'का' विचारायला लागलो. सायबर कॅफेत बसून जुने आरएफसी वाचले. (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम ज्यांत लिहिले जातात ते कागद.) १९८१ च्या नियमात पत्त्यांचे मुख्य वर्ग तीन. ए घ्या तर एका संस्थेला १ कोटी ६७ लाख पत्ते, बी घ्या तर ६५,५३४, सी घ्या तर २५४. मधलं काही नाही! म्हणजे हजारभर यंत्रं असणाऱ्याला सी पुरत नाही आणि बी घेतला तर बहुतेक वाया. शिवाय विद्यापीठांच्या आवारात इमारतीगणिक वेगळी केबल आली होती. प्रत्येकीला स्वतंत्र नेटवर्क क्रमांक द्यायचा म्हटलं तर जगभरच्या राउटरांच्या याद्या फुगणार.

ऑक्टोबर १९८४ मध्ये स्टॅनफर्डच्या जेफ्री मोगुल यांनी (आडनाव वाचून दचकू नका, पेशव्यांशी संबंध नाही) आरएफसी ९१७ मध्ये सुचवलं की बाहेरच्यांना आमचं आवार एकच दिसू दे, आतले तुकडे आमचे आम्ही बघू. ऑगस्ट १९८५ मध्ये जॉन पोस्टेल यांच्यासोबत त्याचा रीतसर नियम झाला, आरएफसी ९५०. आणि सिस्को? डिसेंबर १९८४, लिओनार्ड बोसॅक आणि सँडी लर्नर, दोघंही त्याच स्टॅनफर्डमधले. म्हणजे पेपरात मला आडवा आलेला प्रश्न हा त्या कंपनीच्या माहेरचा प्रश्न होता! (आमच्या पंचवटीत के. के. वाघ इंजिनीअरिंग कॉलेज निघालं तेही १९८४ मध्येच. योगायोग, दुसरं काही नाही.)

तरीही बी वर्गाचे पत्ते संपत आले, म्हणून सप्टेंबर १९९३ मध्ये वर्गच मोडीत काढले आणि रेघ कुठेही ओढायची मुभा दिली. तिरकी रेघ आणि २६ लिहितो ती पद्धत तिथली. तीही मलमपट्टीच. ३ फेब्रुवारी २०११ ला जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून झाले.

नामावळीची तुलना फार ताणू नये हेही त्याच दिवसांत कळलं. तेव्हा ॲक्सेस लिस्टचा धडा चालू होता. त्या यादीच्या शेवटी न लिहिलेली एक ओळ असते, बाकी सगळ्यांना मनाई. क्लासला जाताना वाटेत काळाराम मंदिर लागायचं. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० ला तिथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, पाच वर्षं चालला, आणि तेवढ्या काळात दार काही उघडलं नाही. माझ्या पणजोबांची सही सापडली म्हणून मी हरखलो होतो. त्या दाराबाहेर बसलेल्यांना आत जायचीच मनाई होती. माझ्या यादीतली ओळ एका कमांडने बदलता येत होती.

असो. डंपचे कागद रद्दीत घातले. रोज वीस गणितं, कोऱ्या कागदावर, तक्ता न बघता. दोन महिन्यांनी परत पुणे, या वेळी ९१२. संगमनेरला उतरून चहा घेतला, सोबत भजीही.

भाच्याचा पेपर आता २००-३०१. फेब्रुवारी २०२० पासून हा क्रमांक. माझ्या वेळचे आयजीआरपी आणि आयएसडीएन गेले, ऑटोमेशन आलं. वेळ १२० मिनिटं, मागच्या प्रश्नावर परत जाता येत नाही, आणि फी ३०० डॉलर. माझ्या बहिणीच्या घरात ही रक्कम लहान नाही.

काल रात्री त्याला रामकुंडाची गोष्ट सांगितली आणि एक गणित घातलं. १७२.१६.३७.५, रेघ विसावर, गाव कोणतं?

बराच वेळ नुसता पेनचा आवाज. मग म्हणाला, "१७२.१६.३२.०. आणि हद्द संपते ४७.२५५ ला. मामा, तक्ता बंद आहे हां."