ग्राफिक्स कार्डचे भाव उतरणार का? आत्ता घ्यायचं की थांबायचं? वाचा सविस्तर

तालुक्याच्या गावात आता फोटो स्टुडिओ, लग्नाचं व्हिडिओ एडिटिंग, ड्रोन शूटिंग, फ्लेक्स डिझाइन असे धंदे करणारी पोरं बरीच झाली आहेत. कोणी इंजिनिअरिंगला आहे, कोणी ॲनिमेशन शिकतंय. कॉम्प्युटर घ्यायचा म्हटलं की या सगळ्यांचं घोडं एकाच ठिकाणी अडतं, ते म्हणजे ग्राफिक्स कार्ड. भाव ऐकला की वाटतं, थोडं थांबू, उतरेल. पण खरंच उतरेल का? चला, सोप्या भाषेत समजून घेऊया.

ग्राफिक्स कार्ड लागतं कोणाला?

कॉम्प्युटरमधलं चित्राचं आणि व्हिडिओचं जड काम करणारा वेगळा भाग म्हणजे ग्राफिक्स कार्ड. ऑनलाइन फॉर्म भरणं, टॅली, टायपिंग, झेरॉक्स-प्रिंट, साधं फ्लेक्स डिझाइन यासाठी वेगळ्या कार्डाची गरज नाही. बऱ्याच प्रोसेसरमध्ये यापुरतं ग्राफिक्स आतच असतं. तुमचं काम एवढंच असेल तर हे पैसे वाचवा आणि रॅम, एसएसडी चांगली घ्या.

फोरके व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी डिझाइन, ॲनिमेशन आणि मोठे गेम, यांना मात्र कार्ड लागतंच.

मागे भाव चढले आणि उतरले, ते कसे?

सप्टेंबर २०२० मध्ये एनव्हिडिया कंपनीने आरटीएक्स ३०८० हे कार्ड ६९९ डॉलरला जाहीर केलं. पण २०२१ मध्ये बाहेर ते दुपटीच्या वर विकलं जात होतं. कारणं दोन. कोरोनामुळे चिपचा तुटवडा होता. दुसरं म्हणजे इथेरियमसारखी आभासी नाणी मिळवण्यासाठी लोक दहा-दहा, वीस-वीस कार्डं लावून दिवसरात्र मशिनं चालवत होते.

२०२२ मध्ये या नाण्यांचे भाव कोसळले. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने आपली पद्धतच बदलली आणि त्या नाण्यासाठी कार्डांची गरज संपली. मागणी आटली, वापरलेली कार्डं बाजारात आली आणि भाव खाली आले.

म्हणजे जे थांबले त्यांना भाव मिळाला, पण त्यासाठी वर्षाहून जास्त काळ थांबावं लागलं. आणि भाव उतरला तो महागाईचं मूळ कारणच गेलं म्हणून.

यावेळचं कारण वेगळं आहे

यावेळी महागाईचं मूळ आहे एआय, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता. एआयसाठी जगभर मोठमोठी डेटा सेंटर उभी राहत आहेत. त्यांना चिप आणि मेमरी प्रचंड लागते.

मेमरी बनवणाऱ्या मुख्य कंपन्या तीनच आहेत: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. डेटा सेंटरच्या मेमरीत नफा जास्त, म्हणून कारखान्यांचा जोर तिकडे वळला. साधी रॅम, एसएसडी आणि ग्राफिक्स कार्डवरची मेमरी यांचा माल कमी पडायला लागला. द्राक्षाचा निर्यातदार बांधावरूनच चांगला माल उचलतो, मग आठवडी बाजारात माल कमी आणि भाव चढा, तसाच हा प्रकार. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव झपाट्याने चढले. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने क्रुशिअल या नावाने किरकोळ ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकण्याचा धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं.

कांद्याची आवक वाढली की आठ दिवसांत भाव पडतो. इथं तसं होत नाही. मेमरीचा नवा कारखाना उभा राहून माल निघायला काही वर्षं जातात. त्यामुळे दोन-तीन महिने थांबल्याने मोठी उतरण मिळेल, असं धरून चालू नका.

डॉलरचा हिशेब

कार्डाचा भाव ठरतो डॉलरमध्ये. आरटीएक्स ५०६० हे कार्ड मे २०२५ मध्ये २९९ डॉलरला आलं. आता नुसता हिशेब करून बघा:

• डॉलर ७४ रुपये असता तर: २२,१२६ रुपये, १८ टक्के जीएसटी धरून साधारण २६,१०० रुपये.
• डॉलर ९० रुपये असेल तर: २६,९१० रुपये, जीएसटी धरून साधारण ३१,७५० रुपये.

कार्ड तेच, डॉलरमधली किंमत तीच, तरी खिशातून साडेपाच हजार जास्त गेले. वाहतूक आणि दुकानदाराचा नफा वेगळाच. २०२० साली डॉलर ७४ च्या आसपास होता, डिसेंबर २०२५ मध्ये त्याने नव्वदी ओलांडली.

२२ सप्टेंबर २०२५ पासून एसी आणि मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. ग्राफिक्स कार्ड आधीपासूनच १८ टक्क्यांत होतं, त्यामुळे तिथं काही फरक पडला नाही.

मग घ्यायचं कधी?

१. कार्डावर रोजीरोटी असेल तर: भावाकडे नाही, हिशेबाकडे बघा. समजा, मशिन हळू चालतं म्हणून एका मोसमात १० लग्नांचं एडिटिंग तुम्हाला बाहेर द्यावं लागतं आणि एकाचे ४ हजार जातात. म्हणजे ४० हजार गेले. कार्ड तीन हजारांनी उतरेल म्हणून थांबलात तर नुकसान तुमचंच. मात्र ऐन तारखेच्या तोंडावर घेऊ नका. तुळशीच्या लग्नाआधी महिनाभर घ्या, म्हणजे मशिन बसवून, तपासून होतं आणि माल खराब निघाला तर बदलायला वेळ मिळतो.

२. शिक्षणासाठी हवं असेल तर: पहिल्याच वर्षी घाई नको. कोणतं सॉफ्टवेअर लागणार ते कॉलेजात विचारा, मगच घ्या.

३. फक्त गेमसाठी असेल तर: थांबा. कर्ज काढून, हप्त्यावर तर अजिबात नको.

नवी मालिका येईल म्हणून थांबायचं का? एनव्हिडियाच्या नव्या मालिका सप्टेंबर २०२०, ऑक्टोबर २०२२ आणि जानेवारी २०२५ ला आल्या, म्हणजे साधारण दोन वर्षांनी एक. नवी आली की जुनी स्वस्त होतेच असं नाही, अनेकदा जुना माल नुसता संपतो.

दिवाळीच्या सेलमध्ये सूट मिळते, पण आधी किंमत फुगवून मग सूट दाखवली जाऊ शकते. सेलच्या महिनाभर आधीपासून भाव वहीत लिहून ठेवा. खरी सूट किती, ते लगेच कळेल.

घेताना हे तपासा

• मेमरी: फोरके एडिटिंगसाठी जमलं तर १६ जीबीचं कार्ड बघा. आरटीएक्स ५०६० टीआय आणि एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी, ही दोन्ही कार्डं ८ आणि १६ जीबी अशा दोन प्रकारांत आहेत. नाव सारखंच असतं, त्यामुळे बिलावर जीबी लिहून घ्या.
• पॉवर सप्लाय: आरटीएक्स ५०६० साठी ५५० वॅटचा पॉवर सप्लाय सांगितला आहे. ऑफिसातून निघालेल्या छोट्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये मोठं कार्ड बसत नाही आणि पॉवरही पुरत नाही. घेण्याआधी डबा उघडून मोजमाप करा.
• वीज: गावात लाइट कमी-जास्त होते. कार्डासोबत चांगला यूपीएस आणि अर्थिंगचा खर्च धरा.
• बिल: पक्कं जीएसटी बिल घ्या, त्यावर सिरियल नंबर हवा. वॉरंटीसाठी तो लागतो. धंद्याची जीएसटी नोंदणी असेल तर भरलेल्या १८ टक्क्यांचं क्रेडिटही मिळू शकतं.

जुनं कार्ड घ्यावं का?

घेता येईल, पण डोळे उघडे ठेवून. समोर मशिनला लावून अर्धा तास जड काम चालवून बघा. स्क्रीनवर ठिपके, पट्टे दिसले किंवा मशिन बंद पडलं तर सोडून द्या. जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर टाकून खरी चिप कोणती ते बघा, कारण जुन्या चिपवर नव्या कार्डाचं नाव टाकून विकण्याचे प्रकार झालेले आहेत. व्हॉट्सॲपवर अर्ध्या किमतीची जाहिरात आली आणि ॲडव्हान्स मागितला तर एक रुपयाही पाठवू नका.

थोडक्यात

भाव लवकर मोठ्या प्रमाणात उतरतील अशी चिन्हं दिसत नाहीत. कार्ड कमाई करून देणार असेल तर मोसमाआधी, पक्क्या बिलावर, गरजेपुरतं घ्या. कमाई करून देणार नसेल तर थांबण्यात तुमचं काहीच जात नाही. गावात कोणी स्टुडिओ टाकायच्या तयारीत असेल तर ही माहिती त्याच्यापर्यंत नक्की पोहोचवा.