ओम दर-ब-दर: सव्वीस वर्षं डब्यात पडलेला सिनेमा

आज ज्या सिनेमाबद्दल बोलणार आहे, त्याची गोष्ट मला नीट सांगता येणार नाही, हे आधीच सांगतो. कमल स्वरूप यांचा 'ओम दर-ब-दर', साल १९८८.

प्रयत्न करतो. अजमेर-पुष्करकडचं एक छोटं गाव. ओम नावाचा मुलगा, ज्याला श्वास खूप वेळ रोखून धरता येतो. वडील, म्हणजे बाबूजी, सरकारी नोकरी सोडून ज्योतिष बघायला लागलेत. मोठी बहीण गायत्री, आणि तिच्यामागे असलेला जगदीश. इथपर्यंत सगळं सरळ आहे. मग बेडूक येतात, त्या बेडकांच्या पोटात हिरे येतात, आणि गोष्ट हातातून जी निसटते ती निसटतेच.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा वीस मिनिटं मी 'याचा अर्थ काय' करत बसलो होतो. तो नाद सोडला आणि मजा यायला लागली. कोणीतरी जुन्या रेडिओचं बटण फिरवत बसलंय असं समजा. जाहिरात, भजन, बातमी, फर्माईश, सगळं एकात एक मिसळून येतंय. छोट्या गावातल्या मुलाच्या डोक्यात १९८० च्या आसपास हेच चालू असणार ना? शाळेत विज्ञान, घरी पत्रिका. (यात हसण्यासारखं काही नाही. रोज कोड लिहिणारी आणि मुहूर्त बघून नवीन गाडी घेणारी माणसं आपल्याही ऑफिसात आहेतच की.) आणि रजत ढोलकियांचं संगीत! 'देव डी'मधल्या 'इमोशनल अत्याचार'ची प्रेरणा यातल्याच एका गाण्यातून आली, असं अनुराग कश्यपने सांगितलंय.

आता जरा मागे जाऊ. स्वरूप पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे. १९७६ साली काही तरुणांनी 'युक्त' नावाची सहकारी संस्था काढून, बँकेचं कर्ज घेऊन, एक मराठी सिनेमा केला: 'घाशीराम कोतवाल'. पटकथा तेंडुलकरांची, मोहन आगाशे आणि पडद्यावर पहिल्यांदाच ओम पुरी. दिग्दर्शक म्हणून चार नावं आहेत: मणी कौल, सईद मिर्झा, के. हरिहरन आणि कमल स्वरूप.

'ओम'ला पैसे दिले एनएफडीसीने, म्हणजे शेवटी सरकारने. ही परंपरा जुनी. १९६० साली फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन निघालं, त्याच पैशातून 'भुवन शोम' आणि 'उसकी रोटी' झाले. १९८० मध्ये ते एनएफडीसीत विलीन झालं. 'ओम' बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला, १९८९ चा फिल्मफेअर क्रिटिक्स पुरस्कारही मिळाला. पण थिएटरात? नाही लागला. पैसे देणाऱ्याने पैसे दिले, सिनेमा तयार झाला, आणि लोकांपर्यंत न्यायची जबाबदारी कोणाचीच नव्हती.

'जनतेचा पैसा असल्या न कळणाऱ्या गोष्टींवर का उधळायचा', हा प्रश्न तेव्हाही विचारला जायचा, आजही येतो. माझं मत उलटं आहे. उधळपट्टी तो बनवण्यात नव्हती, बनवून डब्यात ठेवण्यात होती. ज्याने पैसे भरले त्या जनतेला तो न कळण्याची संधीसुद्धा मिळाली नाही!

तो टिकला तो चोरट्या प्रतींवर. कोणाकडे तरी व्हीएचएस असायची, तिची कॉपी, त्या कॉपीची कॉपी. चित्र धुरकट, आवाज खरखरीत. फिल्म शिकणारी पोरं तीच हातोहात फिरवत राहिली. आमच्या भाषेत सांगायचं तर अधिकृत सर्व्हर बंद होता आणि सगळा भार बॅकअपवर होता. कायद्याने चूक, मान्य. पण ही पोरं नसती तर २०१४ च्या जानेवारीत, एनएफडीसीने प्रिंट नीट करून पीव्हीआरमध्ये तो लावला तेव्हा, बघायला कोण आलं असतं?

मधल्या काळात स्वरूप दादासाहेब फाळक्यांच्या मागे लागले होते. सिनेमाला कंटाळून फाळके काशीला निघून गेले आणि तिथे त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिलं. त्यावर स्वरूपनी त्याच नावाचा माहितीपट केला, आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

'ओम' बघणार असाल तर रात्री बघा, फोन लांब ठेवा. आणि शेजारचा 'आता काय झालं?' विचारायला लागला, तर त्याला सरळ चहा करायला पाठवा.