व्यापारी इमारतीचे वातानुकूलन : नगरच्या हवेत निवड कशी करावी?

एके काळी नगरमध्ये वातानुकूलन म्हटले की बँकेची मुख्य शाखा, रुग्णालयातील शस्त्रक्रियागृह आणि एखाद-दुसरे मोठे हॉटेल एवढीच नावे समोर येत. आज सावेडीतील व्यापारी संकुले, कापडबाजारातील दालने, पतसंस्थांची कार्यालये, शिर्डीतील हॉटेले, संगमनेर-श्रीरामपूरची रुग्णालये आणि गावोगावची मंगल कार्यालये या सर्वांना ही सोय हवी आहे. मात्र इमारत पूर्ण होत आल्यावर, रंगकामाच्या सुमारास, दुकानदाराला विचारून 'किती टनाचे लागतील' एवढ्यावर निर्णय घेण्याची पद्धत अद्याप सरसकट दिसते. ही यंत्रणा पुढील दहा-पंधरा वर्षे इमारतीत राहणार असते. तिचे वीजबिल, तिला लागणारे पाणी आणि तिच्यामुळे निर्माण होणारी आगीची जोखीम हे सारे त्या एका निर्णयावर अवलंबून असते.

हवा आधी पाहावी

अहिल्यानगर (२०२४ पर्यंतचे अहमदनगर) हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर, पर्जन्यछायेच्या प्रदेशात वसले आहे. एप्रिल-मे महिन्यांत येथे पारा चाळिशी गाठतो. परंतु हवा कोरडी असते आणि रात्री तापमान बरेच खाली येते. हिवाळ्यात पहाटेची थंडी चांगलीच बोचरी असते. मुंबईचा उकाडा दमट, तर नगरचा कोरडा. म्हणून मुंबईतील इमारतीसाठी केलेली रचना येथे जशीच्या तशी उचलणे योग्य ठरत नाही. जिल्ह्याच्या आतही फरक आहे. अकोले तालुक्यातील घाटघर-भंडारदरा परिसरात पावसाळ्यात धो-धो पाऊस कोसळतो, तर जामखेड-पाथर्डीकडे त्याची वाट पाहावी लागते. भंडारदऱ्याच्या हॉटेलला लागणारी यंत्रणा पाथर्डीच्या दवाखान्याला चालेलच असे नाही.

या हवेची जाण जुन्या बांधणाऱ्यांना होती. निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकात बांधलेला फराहबक्ष महाल तलावाच्या मध्यभागी उभारला गेला. कोरडा वारा पाण्यावरून वाहत आला की थंड होतो, हे तत्त्व त्यामागे होतेच. जाड भिंती आणि उंच दालने यांनी उरलेले काम केले. आज तो तलाव आटला आहे. परंतु तत्त्व मात्र बदललेले नाही.

उष्णतेचा भार : अंदाज नको, मोजमाप हवे

वातानुकूलनातील 'टन' हे यंत्राचे वजन नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता बाहेर काढण्याची क्षमता म्हणजे एक टन. विजेच्या भाषेत सुमारे ३.५ किलोवॅट. 'शंभर-सव्वाशे चौरस फुटाला एक टन' हा बाजारातील ठोकताळा झटपट उत्तर देतो. पण तो इमारतीची दिशा, काच, छत आणि माणसे यांपैकी काहीच विचारात घेत नाही.

पश्चिमेकडील दहा चौरस मीटर साध्या काचेतून उन्हाळ्याच्या दुपारी एक ते दीड टनाइतकी उष्णता आत येऊ शकते. म्हणजे दर्शनी भागाला काच लावण्याच्या हौसेपायी मालक आधी काचेचे, मग यंत्राचे आणि पुढे आयुष्यभर विजेचे पैसे मोजतो. स्वस्थ बसलेला माणूस साधारण १०० ते १२० वॅट उष्णता बाहेर टाकतो. मंगल कार्यालयात ५०० पाहुणे जमले, तर केवळ माणसांमुळे १५ ते १७ टनांचा भार निर्माण होतो. तेवढ्याच क्षेत्रफळाच्या फर्निचरच्या दालनात हा भार नगण्य असतो. दिवे, संगणक, स्वयंपाकघर, वरचा मजला व तापणारी गच्ची यांचा हिशेब स्वतंत्र करावा लागतो.

गरजेपेक्षा मोठे यंत्र घेणे म्हणजे दूरदृष्टी, असा एक समज आहे. प्रत्यक्षात एकाच वेगाने चालणारे मोठे यंत्र खोली पटकन थंड करून बंद पडते आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू होते. या चालू-बंदमुळे कॉम्प्रेसरची झीज वाढते आणि पावसाळ्यात हवेतील ओलावा पुरेसा निघत नाही. खोली गार पण दमट राहते. म्हणून अभियंत्याकडून उष्णताभाराची लेखी आकडेमोड करून घेणे, हा खरेदीपूर्वीचा पहिला खर्च समजावा.

भार मोजण्याआधी तो कमी करणे अधिक शहाणपणाचे. पश्चिमेला छज्जा किंवा जाळीची भिंत, गच्चीवर उष्णतारोधक थर वा पांढरा परावर्तक लेप, दाराला झडप आणि फटी बुजवणे या साध्या उपायांनी यंत्रणेचा आकारच लहान होतो.

यंत्रणांचे प्रकार

*स्प्लिट व कॅसेट :* लहान दुकान, वकिलाचे कार्यालय, दोन-तीन खोल्यांचा दवाखाना यांना स्वतंत्र स्प्लिट यंत्रे पुरतात. एक बिघडले तरी बाकीची चालू राहतात. छतात बसणारे कॅसेट यंत्र चारही दिशांना हवा देत असल्याने दालनांना सोयीचे पडते. तथापि, तीन मजली इमारतीच्या दर्शनी भिंतीवर तीस बाह्ययंत्रे लटकू लागली की ती एकमेकांचीच गरम हवा ओढतात आणि सर्वांची कार्यक्षमता घसरते.

*डक्टेबल :* बँकेचे सभागृह, मोठे दालन, मंगल कार्यालय यांसारख्या एकसंध जागेला पत्र्याच्या नळांतून हवा पुरवणारी यंत्रणा योग्य. मात्र नळांसाठी छतात जागा लागते. म्हणून मजल्याची उंची ठरवतानाच हा विचार व्हायला हवा.

*व्हीआरएफ :* एका बाह्ययंत्राला अनेक अंतर्गत यंत्रे जोडलेली असतात आणि गरजेनुसार शीतक कमी-अधिक प्रमाणात फिरतो. शिर्डीतील हॉटेलांसारख्या ठिकाणी, जेथे शनिवार-रविवारी, गुरुवारी व उत्सवांत खोल्या भरतात आणि एरवी निम्म्या रिकाम्या असतात, तेथे ही यंत्रणा वीज वाचवते. आरंभीचा खर्च जास्त असतो, दुरुस्तीसाठी प्रशिक्षित माणूस लागतो आणि सुटे भाग जवळपास मिळतात का, हे आधीच विचारावे लागते.

*चिलर :* शंभर टन वा अधिक भार असलेली मोठी रुग्णालये, मॉल, महाविद्यालयीन संकुले यांसाठी पाणी थंड करून ते इमारतभर फिरवणारी केंद्रीय यंत्रणा विचारात घेतात. तिचे दोन प्रकार आहेत : हवेने थंड होणारी आणि पाण्याने थंड होणारी. नगर जिल्ह्यात खरा प्रश्न येथेच उभा राहतो.

पाण्याचा हिशेब

पाण्याने थंड होणारा चिलर विजेच्या दृष्टीने सरस असतो. परंतु त्याच्या कूलिंग टॉवरमध्ये टनामागे ताशी सुमारे ७ ते ९ लिटर पाणी खर्च होते. काही वाफ होऊन जाते, काही क्षार वाढल्यामुळे सोडून द्यावे लागते. शंभर टनांची यंत्रणा पूर्ण भाराने दहा तास चालली, तर दिवसाला साधारण ८,००० लिटर, म्हणजे जवळजवळ एक टँकर पाणी लागेल. ज्या जिल्ह्यातील अनेक गावांनी २०१८-१९ च्या दुष्काळात टँकरवर दिवस काढले, तेथे हा आकडा कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा मोलाचा आहे. शिवाय विंधन विहिरीचे पाणी बहुधा जड असते. क्षारांचे थर नळ्यांत बसले की सरस म्हणून घेतलेले यंत्र दोन-तीन वर्षांत सामान्य होते. सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते टॉवरला वापरण्याची व्यवस्था असेल, तरच पाण्याच्या चिलरचा मार्ग धरावा. अन्यथा हवेने थंड होणारा चिलर वा व्हीआरएफ बरा.

हवेने थंड होणाऱ्या यंत्रांबाबत एक बारकावा ध्यानात ठेवावा. ६५० मीटर उंचीवर हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे सात टक्के विरळ असते आणि उन्हाळ्यात गच्चीवरचे तापमान हवामान खात्याच्या आकड्याहून अधिक असते. म्हणून यंत्राची क्षमता ३५ अंशांना किती, हे न विचारता ४२-४५ अंशांना किती उरते, हे उत्पादकाकडून लेखी घ्यावे.

कोरड्या हवेची देणगी

कोरड्या हवेत बाष्पीभवनाने थंडावा उत्तम मिळतो. बाहेर ४० अंश तापमान आणि २० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता असताना चांगल्या प्रतीच्या पॅडमधून येणारी हवा २५-२६ अंशांपर्यंत उतरू शकते. कारखान्याची शेड, गोदाम, स्वयंपाकघर, मंगल कार्यालय यांसाठी असा केंद्रीय हवाशीतक वातानुकूलनापेक्षा पुष्कळ कमी विजेवर चालतो. त्यालाही पाणी लागते आणि जून ते सप्टेंबर या काळात हवा दमट झाली की त्याचा उपयोग फारसा उरत नाही. औषधांचे कोठार, शस्त्रक्रियागृह, संगणक कक्ष येथे तो चालणार नाही. काही मालक दोन्हींची सांगड घालतात : मोठ्या मोकळ्या जागेला हवाशीतक आणि मोजक्या खोल्यांना वातानुकूलन. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात तर बाहेरची थंड हवा गाळून आत घेतली तरी बराच भार यंत्राविना पेलता येतो. तशी झडप यंत्रणेत आहे का, एवढे विचारावे.

विजेचे गणित

समजा, वीस टनांच्या यंत्रणेसाठी दोन पर्याय आहेत. एक टनामागे १.४ किलोवॅट वीज घेतो, दुसरा १.० किलोवॅट. वर्षाचे ३०० दिवस, रोज दहा तास आणि सरासरी ६० टक्के भार धरला, तर फरक १४,४०० युनिट होतो. युनिटचा दर १२ रुपये मानल्यास वर्षाला सुमारे पावणेदोन लाख रुपये. स्वस्त यंत्राने खरेदीत वाचवलेले पैसे किती महिन्यांत परत जातात, हे ज्याने-त्याने आपल्या बिलावरील दर घालून पाहावे. जोडभार वाढला की महावितरणकडे मंजूर भार वाढवून घेणे, स्थिर आकार, जनरेटरची क्षमता हेही वाढते.

केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची तारांकन योजना २००६ मध्ये सुरू झाली. १ जानेवारी २०२० पासून तारांकित खोली-वातानुकूलकांचे मूळ तापमान २४ अंश ठेवणे बंधनकारक झाले. तापमान एक अंशाने वाढवल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ब्यूरो सांगते. व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २००७ मध्ये आली आणि २०१७ मध्ये सुधारली गेली. १०० किलोवॅट वा अधिक जोडभार असलेल्या इमारती डोळ्यांसमोर ठेवून ती रचली होती. नव्या बांधकामाच्या वास्तुविशारदाने तिच्या पुढील आवृत्त्या व राज्याचे नियम तपासून घेणे आवश्यक आहे.

ताजी हवा आणि आग

साधे स्प्लिट यंत्र खोलीतील तीच हवा पुन्हा पुन्हा थंड करते. बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. कार्यालयात दर माणशी सेकंदाला ८ ते १० लिटर ताजी हवा हवी, असे सर्वसाधारण मानले जाते. बंद खोलीत दुपारी येणारी पेंग व डोकेदुखी हा पुष्कळदा कोंडलेल्या हवेचा परिणाम असतो. रुग्णालयात तर हा संसर्गाचा प्रश्न आहे. ताज्या हवेचा पंखा, गाळणी आणि शक्य असल्यास उष्णता परत मिळवणारे यंत्र यांची तरतूद मूळ आराखड्यातच असावी.

६ नोव्हेंबर २०२१ रोजी नगरच्या जिल्हा रुग्णालयातील कोविड अतिदक्षता विभागाला लागलेल्या आगीत त्या दिवशी अकरा रुग्णांचा मृत्यू झाला. बंदिस्त, विद्युत उपकरणांनी भरलेल्या जागेत आग व धूर किती वेगाने जीव घेतात, हे या शहराने पाहिले आहे. म्हणून वातानुकूलनासाठी स्वतंत्र, योग्य जाडीची वायरिंग, प्रत्येक यंत्राला वेगळा खटका, उत्तम भूसंपर्क, भिंत ओलांडणाऱ्या हवेच्या नळांत आगरोधक झडपा आणि धूर जाणवताच पंखे आपोआप बंद करणारी जोडणी या गोष्टी दरपत्रकातून कमी करू नयेत. आणीबाणीत उघडता येतील अशा खिडक्या काचेच्या हव्यासापायी बुजवू नयेत.

शीतक वायूचीही चौकशी करावी. ओझोनला मारक ठरलेला आर-२२ मागे पडला असून, तो वापरणारे जुने यंत्र स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये. आज प्रचलित असलेला आर-३२ तुलनेने कार्यक्षम आहे. पण तो सौम्य ज्वलनशील असल्याने जोडणी व दुरुस्ती प्रशिक्षित तंत्रज्ञाकडूनच व्हावी.

करार करताना

दरपत्रके किमान तीन घ्यावीत आणि ती एकाच उष्णताभारावर आधारलेली असावीत. नाहीतर तुलना व्यर्थ. त्यांत पुढील बाबी लेखी असाव्यात : ४२-४५ अंशांना मिळणारी क्षमता, टनामागे लागणारी वीज, रोजचे पाणी, तांब्याच्या नळ्यांची जाडी व लांबी, ताज्या हवेचे प्रमाण, कॉम्प्रेसरची हमी, वार्षिक देखभालीचा दर आणि तंत्रज्ञ किती तासांत पोहोचेल याची मुदत. तंत्रज्ञ पुण्याहून किंवा नाशिकहून येणार असेल, तर मे महिन्यात बंद पडलेल्या यंत्रासाठी दोन दिवस थांबण्याची तयारी ठेवावी लागेल. बाह्ययंत्रापर्यंत सुरक्षितपणे पोहोचण्याची जागा नसेल, तर त्याची सफाई होणार नाही, आणि नगरच्या धुळीत सफाईविना कोणतेही यंत्र फार काळ चांगले चालत नाही.

शेवटचे बिल चुकते करण्यापूर्वी भर उन्हाळ्यात, इमारत माणसांनी भरलेली असताना चाचणी घेण्याची अट करारात घालावी. डिसेंबरच्या थंडीत प्रत्येक यंत्रणा उत्तमच वाटते. तिची खरी परीक्षा मे महिन्यातील दुपारी तीन वाजता होते.